चांदीचं दुसरं गाणं

ज्या चांदीला ‘ये की गं’ म्हणून अख्खा महाराष्ट्र वरातीत हाका मारतो, ती म्हैस होती. हे सांगितलं की लोक हसतात. मी त्या म्हशीचं धारोष्ण दूध कित्येक वर्षं प्यायले आहे, त्यामुळे मला हसू येत नाही.

गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नाला पुण्याला गेले होते. वरातीत ते गाणं लागलं. मंडळी नाचली, ‘हलू नगंस गं’ आलं तशी जागच्या जागी थिजली, पुन्हा नाचली. नंतर पंगतीत माझ्या शेजारी बसलेला एक हुशार मुलगा म्हणाला, “त्या बाईचं एकच गाणं चाललं. दुसरं काही जमलंच नाही बिचारीला.”

“जमलं होतं,” मी म्हटलं.

“कुठे ऐकायला मिळेल?”

“कुठेच नाही.”

काकूंना काही माहीत नसावं, असा चेहरा करून तो पानाकडे वळला. मी जिलेबी संपवली आणि उठले. पण तो ‘बिचारी’ शब्द माझ्या डोक्यात राहिला. इराक्काला ज्यांनी पाहिलं आहे त्यांच्यापैकी कुणाच्याही तोंडून तो शब्द निघणार नाही.

कोल्हापुरात एका पेठेच्या कोपऱ्यावर माझं औषधांचं दुकान आहे. समोर दुधाचा कट्टा. संध्याकाळ झाली की गवळी आपापल्या म्हशी घेऊन तिथे येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास तसाच कोमट हातात देतात. तालमीतून सुटलेले पैलवान, शिकवणीतून सुटलेली पोरं, तिखट जेवण अंगाशी आलेले पाहुणे, सगळे तिथे रांगेत उभे राहतात. गवळी सगळे पुरुष. त्यात बाई एकटी, इराक्का. नवरा वारला तेव्हा ती म्हशी विकून लेकीकडे निप्पाणीला जाईल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. दिवसकार्य आटोपलं आणि ती नवऱ्याच्याच चपला पायात घालून, चांदीची दोरी धरून कट्ट्यावर येऊन उभी राहिली. त्या चपला तिला मोठ्या होत्या. चालताना फटाक फटाक वाजायच्या. पुढे त्या झिजल्या तेव्हा तिने नव्या घेतल्या, त्याही त्याच मापाच्या. “म्हशीला आवाजाची सवय झालीया,” म्हणाली.

अंगाने उंच, हाडापेराने रुंद. अंगावर इरकल लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे. म्हशीशी ती कानडीत बोलायची, माणसांशी मराठीत, आणि रस्त्यात म्हैस का उभी केली म्हणून विचारणाऱ्या हवालदाराशी दोन्ही भाषांत एकदम. मला ती पहिल्या दिवसापासून ‘डाक्टरीन’ म्हणायची.

“मी डॉक्टर नाही हो अक्का. मी औषधं विकते.”

“औषध देतीस न्हवं? मग डाक्टरीनच की. मी दूध देतो, म्हणून काय म्हैस हाय?”

आमच्याकडे बायका ‘मी देतो, मी जातो’ असंच बोलतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

तिचे कट्ट्यावरचे नियम ठरलेले होते. पहिली धार जमिनीला. दुसरी चरवीत. रांगेतला कुणी फोन कानाला लावून उभा असेल तर त्याचा नंबर गेला. एकदा एक बडे गृहस्थ, गळ्यात सोन्याची साखळी, फोनवर बोलता बोलताच ग्लाससाठी हात पुढे करत होते. इराक्काने ग्लास मागच्या पैलवानाला दिला. गृहस्थ तापले. ती शांतपणे म्हणाली, “पावणं, आधी त्या फोनला पाजा. मग तुमाला देतो.” रांग हसली. गृहस्थांनी फोन खिशात ठेवला आणि नंतर दोन ग्लास प्यायले.

धार काढताना ती कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवायची, डोळे मिटायची आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत राहायची. ‘दूध मागून मिळत न्हाय, बोलवून मिळतंय,’ हे तिचं नेहमीचं वाक्य. मी ते एका कानाने ऐकत असे. मला असल्या वाक्यांचं फारसं कौतुक नाही.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाला चांदी व्याली आणि तिचं रेडकू लगेच मेलं. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण ती सोडत नाही. यावर बरेच जण एक इंजेक्शन टोचतात. जनावरांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही, तरी दर महिन्याला कुणीतरी माझ्याकडे येऊन हळूच विचारतंच आणि माझी बोलणी खाऊन परत जातं. रेडकू मेल्याचं कळलं तेव्हा मी मनात म्हटलं, आता इराक्का येणार.

ती आली. चपला वाजवत आली आणि काउंटरवर कोपर टेकून उभी राहिली. आवाज फुटत नव्हता.

“डाक्टरीन, घशाच्या गोळ्या दे. चोखायच्या.”

“घशाला काय झालं?”

“बसलाय. म्हशीला गाणं म्हणायलोय.”

“किती वेळ?”

“ती सोडंल तवर.”

मी गोळ्या दिल्या. तिच्या गोठ्यात दिवसचे दिवस काय चाललं होतं ते गल्लीने ऐकलं आहे. सकाळी आणि संध्याकाळी, चरवी गुडघ्यांत धरून, कपाळ त्या म्हशीला टेकवून ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा गात होती. गाणं म्हणावं असं त्यात सुरुवातीला काही नव्हतं, नुसती हाक होती. मग हाकेला चाल लागली, चालीला शब्द लागले. तिच्या शेजारणीने सांगितलं की आमचं पोर तेवढ्यावरच झोपतं आता.

ये की गं चांदे, ये की गं
ऊन कललं, दारी ये की गं
रुसून बसलीस कुणावर गं
बोलवतोय मी, ये की गं

आणि एका संध्याकाळी चांदीने सोडलं. गल्लीतल्या बायकांना ते आधी ऐकू आलं. रिकाम्या चरवीच्या बुडाला धार लागली की टणटणीत आवाज येतो, आणि दूध साठत गेलं की तो घुमा होत जातो. त्या दिवसापासून त्या गाण्याशिवाय चांदी दूध द्यायची नाही आणि गाणं सुरू झालं की थांबायची नाही. कट्ट्यावरही इराक्का ते मोठ्याने म्हणू लागली. तिचा आवाज गोड अजिबात नव्हता. जाडसर, थोडा फाटलेला, पण असा की रस्त्यापलीकडे मी औषधं देताना पाकीट हातात धरून थांबत असे. माझं गिऱ्हाईकही थांबलेलं असे, त्यामुळे कुणाची तक्रार नसे.

आता सच्या. सचिन त्याचं नाव, लग्ना-वरातींत साऊंड सिस्टीम लावायचा, ती लावता लावता संगीतही जुळवायचा. कट्ट्यावर रोज दूध प्यायला यायचा. फोनच्या नियमामुळे अक्काच्या शिव्या सगळ्यांत जास्त त्यानेच खाल्लेल्या. एके दिवशी त्याने तिला रीतसर विचारलं.

“अक्का, तुझं गाणं फोनमधी घेऊ काय?”

“माझं काय जातंय? घे की. पर मधी मधी करू नगंस.”

त्याने फोन चरवीशेजारी ठेवला. ती गायली. मागे चरवीत पडणाऱ्या धारांचा ठेका आपोआपच आला. गाणं मध्यावर असताना पलीकडून कुणीतरी मोटरसायकल सुरू केली, चांदीने पाय उचलला आणि इराक्का गाणं तोडून ओरडली, “हलू नगंस गं!” म्हैस थांबली. गाणंही थांबलं. मग चार धारा नुसत्या, आणि पुन्हा ‘ये की गं’.

दुसऱ्या कुणी ते कापून टाकलं असतं. सच्याने ठेवलं. त्याखाली ढोल घातला, बाकी जे घालायचं ते घातलं, आणि गाणं लोकांच्या फोनांवर सोडून दिलं. त्या पावसाळ्यात ते कुठून कुठे गेलं ते मी सांगायची गरज नाही. गणपती आले तोपर्यंत प्रत्येक मांडवात तेच. ‘हलू नगंस गं’ आलं की हजार माणसं पुतळ्यासारखी उभी. मी स्वतः विसर्जनाच्या मिरवणुकीत पाहिलं आहे: मंडळाचा अध्यक्ष एका पायावर, झेंडा नाचवणाऱ्याचा झेंडा आडवा, बंदोबस्तावरचा हवालदार शिट्टी तोंडात धरून, सगळे गप्प. गुलाल तेवढा हवेतून खाली येत होता. एवढा आमचा आरडाओरडा करणारा गाव एका गवळणीने म्हशीला दिलेल्या दमाने गप्प होत होता. मला मिरवणुकांची फारशी हौस नाही. पण त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला, आणि तो का आला याचं औषध माझ्या दुकानात नव्हतं.

पुण्याच्या एका मोठ्या कार्यक्रमात तिला बोलावलं. सच्या घेऊन गेला. झगमगते दिवे, पुढे गर्दी. इराक्का माइकसमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना.

“अक्का, म्हण की,” सच्या मागून कुजबुजला.

“कसं म्हणू? डोस्कं टेकवायला काय न्हाय हितं.”

सच्या क्षणभर बावरला. मग तो पुढे आला आणि तिच्याशेजारी आडवा, म्हणजे तिच्याकडे कूस करून, उभा राहिला. तिने एक स्टूल मागून घेतलं, बसली, त्याच्या कमरेला कपाळ टेकवलं, डोळे मिटले आणि गायली. मधे सच्या गुदगुल्या होऊन जरासा हलला तर त्याला खऱ्याखुऱ्या रागाने ‘हलू नगंस गं’ म्हणाली. लोकांना वाटलं, काय कल्पना बसवली आहे! टाळ्या थांबेनात. कोल्हापुरात परत आल्यापासून सच्याला सगळे ‘चांदी’ म्हणू लागले. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा मित्रांनी कंसात ते नाव छापायला लावलं होतं, सासऱ्याने खोडलं.

गाण्याचं जे काही आलं ते सच्याने सरळपणे तिच्या हातात दिलं. त्यात तिने गोठ्यावर नवे पत्रे घातले आणि चांदीच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा केला. स्वतःसाठी काय घेतलं विचारलं तर म्हणाली, “मला काय कमी हाय?” हे ती दाखवायला म्हणत नव्हती. तिला खरोखरच आठवत नव्हतं की काय कमी आहे.

पण गणपतीतच एक गोष्ट सुरू झाली होती. गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर मांडव. सकाळपासून गाणं लागायचं, आणि गोठ्यात बांधलेली चांदी दूध सोडायची. चरवी नाही, हात नाही, नुसतं जमिनीवर. संध्याकाळी कट्ट्यावर यायची तेव्हा कास ओघळलेली. मंडळाच्या पोरांना हे कळलं तसे ते स्वतःहून आले. “अक्का, आमी बंद करतो गाणं.”

“कशापायी? वाजवा की. दिलेलं माघारी घेत्यात व्हय?”

“पर चांदीचं?”

“तिचं मी बघतो. तुमी नाचा.”

मला वाटलं, गणपती गेले की संपेल. संपलं नाही. दिवाळी आली.

आमच्याकडे पाडव्याला म्हशींचा मान असतो. शिंगं रंगवतात, पाठीवर नक्षी काढतात, मोरपिसं लावतात आणि गवळी आपापली म्हैस रस्त्याने पळवतात. गवळी मोटरसायकलवर पुढे, सायलेन्सर काढलेला, आणि त्या आवाजाला ओळखून म्हैस मागे धावते. दोरी नाही, काही नाही. शेकडो माणसांच्या गर्दीतून ती फक्त आपल्या मालकामागे जाते, हीच त्यातली शान. इराक्काला मोटरसायकल येत नव्हती. ती चपला वाजवत पुढे चालायची आणि गायची. आदल्या वर्षापर्यंत नुसत्या हाकेवर चांदी यायची, आता गाणं होतं. सगळं गाव बघायला जमलं होतं.

आणि गवळ्यांनी तिचा सन्मान करायचं ठरवलं होतं. तिला न सांगता. बेत असा, की इराक्का निघाली की सगळ्या मोटरसायकलींवरचे स्पीकर एकदम सुरू करायचे आणि सगळीकडून तेच गाणं लावायचं. यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. उलट त्यांच्यातल्या एका बाईने नाव काढलं याचा त्यांना मनापासून अभिमान होता.

इराक्का पुढे निघाली. ‘ये की गं चांदे’ म्हणाली. चांदी दोन पावलं आली. तेवढ्यात डावीकडून ‘ये की गं चांदे’. उजवीकडून ‘ये की गं चांदे’. मागून, पुढून, एका दुकानाच्या गच्चीवरून. तोच आवाज, तीच हाक. चांदी डावीकडे वळली. थांबली. उजवीकडे वळली. कान सगळ्या दिशांना फिरत होते. घुंगरांचा पट्टा वाजत होता आणि तिच्या कासेतून रस्त्यावर दूध गळत होतं. पुढे उभी राहून इराक्का गातच होती, पण तिचा खरा आवाज त्या सगळ्या आवाजांत कुठला हे त्या म्हशीला कळेना. शेवटी ती रस्त्याच्या मध्ये खाली बसली. रंगवलेली शिंगं, मोरपिसं, सगळ्यासकट.

स्पीकर एकेक करून बंद झाले. इराक्का मागे आली, तिच्या शेजारी रस्त्यावर बसली आणि कपाळ तिच्या कुशीला टेकवलं. गायली नाही. मग हळूच म्हणाली, “ऊठ यव्वा. घरला जाऊया.”

त्या दिवसानंतर चांदीला गाणं ऐकू येणं बंद झालं म्हणा. इराक्का गोठ्यात गायची, चांदी कानही हलवायची नाही. हाक सगळीकडून येते आणि तिथे कुणीच नसतं, हे ती शिकली होती. कासेत दूध तुंबायला लागलं. दगडी होण्याची, म्हणजे कास सुजून कडक होण्याची, भीती होती. दगडी झाली की कास जाते, आणि कास गेलेल्या म्हशीला बाजार कुठला दाखवतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. कट्ट्यावर इराक्काची जागा रिकामी दिसू लागली.

ती दुकानात आली तेव्हा चपलांचा आवाज मी ओळखला, पण चाल ओळखली नाही.

“डाक्टरीन, ती सुई दे.”

मी तिच्याकडे पाहिलं. “चिठ्ठी आणा डॉक्टरची. जनावराला बघून तो लिहील तर देईन. अशी नाही देणार.”

“व्हय. ठाव हाय मला.” ती तरीही हलली नाही. “तू न्हाय म्हणशील म्हणूनच हितं आलो.”

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याच वेळी बाहेरून एक रिक्षा गेली. नटवलेली, आरशांची, आणि आत तेच गाणं. ‘बोलवतोय मी, ये की गं.’ इराक्का रिक्षा लांब जाईपर्यंत ऐकत राहिली. मला वाटलं आता ही रडेल, किंवा शिव्या देईल. दोन्हींपैकी काहीही केलं असतं तरी मी समजू शकले असते.

ती म्हणाली, “चांगलं गाणं हाय गं. लोकास्नी आवडतंय. ऱ्हाऊ दे त्यांच्याकडं.” पाणी संपवलं, ग्लास काउंटरवर ठेवला. “तिला दुसरं केलं पायजे.”

एवढंच. उठली आणि गेली. मी इतकी वर्षं काउंटरमागे उभी आहे. माणसं आपलं हातचं गेल्यावर काय काय बोलतात ते ऐकलं आहे. असं कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

सच्या तोपर्यंत दुसऱ्या गाण्यासाठी तिच्या मागे लागलाच होता, कारण मुंबईची एक गाण्यांची कंपनी त्याच्या मागे लागली होती. त्याचं स्वतःचं पुढचं सगळं त्यावर अवलंबून होतं. तो खूश झाला. “अक्का, कर की! मी घेतो लगेच.”

“तू काय बी घ्यायचं न्हाय तम्मा. ह्ये तिचं एकटीचं.” तरण्या पोरांना ती कानडीतलं ‘तम्मा’, धाकटा भाऊ, म्हणायची.

पण गाणं करायला जरा शांतता हवी. ती चांदीला टेम्पोत घालून माहेरी गेली, शिरोळकडे. नदीकाठचं गाव, सगळीकडे ऊस, तिथे कोण येतंय गाणं लावायला! चार दिवसांत परत आली. मी विचारलं, “का हो, एवढ्यात?”

“ऊसतोड सुरू झालीया. ट्रॅक्टर जात्यात दिवसभर. परत्येक ट्रॅक्टरवर मीच बोंबलायलोय!” आणि खदखदून हसली. त्या अवस्थेत ती स्वतःवर हसू शकत होती. चांदी मागे टेम्पोत उभी, इतक्या दिवसांची तुंबलेली कास.

मग तिने गोठ्याचं दार लावून घेतलं. आत काय चाललं होतं ते या खेपेला गल्लीला ऐकू आलं नाही. शेजारीण म्हणाली, नुसतं गुणगुणल्यासारखं येतंय, भिंतीला कान लावला तरी कळत नाही.

काही दिवसांनी एका संध्याकाळी इराक्का चांदीला घेऊन कट्ट्यावर आली. डोक्यावर एक रिकामी बुट्टी, वेताची, मोठी. ती खाली ठेवली आणि रांगेला म्हणाली, “दूध पायजे त्यानं फोन हितं टाकायचा.” बुट्टीवर पोतं टाकलं. बुट्टीशेजारी राखणीला कोण उभं केलं असेल? सच्या! ज्याला ते गाणं सगळ्यांत जास्त हवं होतं, तोच. त्याने सगळ्यांत आधी स्वतःचा फोन बुट्टीत टाकला. मग एकेकाकडे हात पुढे करत गेला. “दे. दुसरा बी दे, खिशातला. दिसतोय मला.”

मी दुकान मदतनिसावर सोडून रस्ता ओलांडला. माझाही फोन घेतला त्याने.

इराक्का बसली. कपाळ टेकवलं. डोळे मिटले.

ते गाणं कसं होतं ते मी सांगू शकेन, पण सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्यात चांदीचं नाव नव्हतं. शब्द थोडे, तेही बहुतेक कानडी. आवाज इतका खाली की पुढच्या चार माणसांच्या पलीकडे जात नव्हता. पहिल्या गाण्यात ती लांब गेलेल्या कुणाला तरी बोलवत होती. यात बोलावणंच नव्हतं. आपण इथेच आहोत, दोघी, एवढंच त्यात होतं. पहिल्यापेक्षा ते कितीतरी चांगलं होतं. मला संगीतातलं कळत नाही, पण कट्ट्यावर त्या वेळी जे कळणारे होते त्यांच्यातला एक सच्या होता, आणि तो पोत्याकडे तोंड करून उभा होता, कुणाला चेहरा दिसू नये म्हणून.

चांदीचा एक कान मागे वळला. मग दुसरा. मग चरवीच्या बुडाला पहिली धार वाजली.

पहिली धार जमिनीला द्यायची हे इराक्का त्या दिवशी विसरली. आठवलं तशी तिने दुसरी दिली. माझ्या हातात ग्लास आला आणि मी तो धरून तशीच उभी राहिले. दूध गार झालं तेव्हा लक्षात आलं.

त्यानंतर चांदी होती तोवर बुट्टी रोज आली. आमच्या पेठेतल्या लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. कुणाच्या घरात काल कसली भाजी होती हे आज कोपऱ्यावर कळतं. पण ते गाणं कुणी चोरलं नाही. लपवून घेणं अवघड नव्हतं. कुणी घेतलं नाही, कुणी घरी जाऊन गुणगुणलंही नाही. एकदा परगावचा एक जण बटणाएवढं काही यंत्र कॉलरमागे लावून आला होता. पैलवानांनी त्याला दूध पाजलं, यंत्र काढून घेतलं आणि स्टँडवर सोडून आले. कंपनीने शेवटी सच्याचा नाद सोडला. त्याला कधी विचारलं, की वाईट नाही का वाटत, तर म्हणतो, “वैनी, मी ऐकलंय की.”

चांदी पुढे म्हातारी होऊन गेली. तिच्यामागे तिची एक रेडी होती. तिचं नाव इराक्काने कुणालाच सांगितलं नाही. “नाव सांगिटलं की गाण्यात जातंय,” म्हणायची. एव्हाना तिचे गुडघे संपले होते. माझ्याकडचं मलम लावून ती कशीबशी बसायची, उठताना पैलवान हात द्यायचे. लेकीने निप्पाणीला चल म्हणून धोशा लावला आणि एका संध्याकाळी ती खरंच निघाली. छोटा टेम्पो, मागे रेडी, पुढे ड्रायव्हरशेजारी इराक्का, मांडीवर ती बुट्टी. मला काउंटरवरूनच हात केला. “डाक्टरीन, येतो गं!”

टेम्पो कोपऱ्यापर्यंत गेला आणि अडकला. समोरून वरात येत होती. अख्खा रस्ता भरून पोरं नाचत होती, इकडून तिकडे झेपा घेत, आणि गाणं अर्थातच तेच. ड्रायव्हरने हॉर्न दिला, कुणाला ऐकू जातो? नाचणाऱ्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की टेम्पोत कोण आहे. मी पायरीवर येऊन उभी राहिले. मागे रेडी शांतपणे कडबा चघळत होती. तिच्या लेखी त्या गाण्याला काही अर्थच नव्हता.

वरातीच्या गाडीवर, स्पीकरांच्या भिंतीमागे, सच्या होता. त्याने टेम्पो पाहिला. बुट्टी पाहिली.

‘हलू नगंस गं!’

सगळी वरात थिजली. चार धारा वाजल्या आणि सच्याने गाणं तिथेच धरून ठेवलं. पुढचं सोडलंच नाही. पोरं हात वर, पाय वर, तशीच उभी. हलला तो हरला, असा खेळच असतो तो. नवरदेवाचा घोडासुद्धा उभा. माणसांमाणसांत आता वाटा दिसू लागल्या.

इराक्काने ड्रायव्हरच्या दंडावर थाप मारली. “चल की तम्मा. थांबल्यात तवर.”

टेम्पो त्या पुतळ्यांमधून हळूहळू, वळत वळत निघाला. एका पोराचा वर उचललेला हात अगदी खिडकीशी आला, तेव्हा तिने जाता जाता तो नीट बाजूला केला. पोर हललं नाही. टेम्पो पलीकडे गेला, निप्पाणीच्या रस्त्याला लागला, मागचा लाल दिवा दिसेनासा झाला.

मग सच्याने गाणं सोडलं.